ठिपके आधी मोजा

गणपतीला रत्नागिरीला गेलो होतो. आंबा घाटाने नेहमीप्रमाणे कंबरेची वाट लावली. घरी पोचलो तर ताई दारात ठिपक्यांची रांगोळी घालत बसलेली आणि भाची आतल्या खोलीत केमिस्ट्रीचं पुस्तक पुढ्यात घेऊन तोंड पाडून. घरभर मोदकांचा वास आणि ही बाई मला म्हणते, "मामा, मी कॉमर्सला गेले तर चालेल का रे?"

आता ही मुलगी कोण, तर दहावीला मराठी माध्यमातून विज्ञानात नव्वदच्या पुढे मार्क मिळवलेली. लहानपणी माझा जुना ट्रान्झिस्टर खोलून बघणारी (आणि परत न जोडणारी). अकरावी सायन्सला जाऊन धड तीन महिनेही झाले नव्हते. म्हटलं, असं झालं तरी काय? तर तिने क्लासच्या चाचणीचा पेपर पुढे टाकला. पंचवीसपैकी अकरा. विषय लुईस डॉट स्ट्रक्चर्स. म्हणजे रेणूतल्या प्रत्येक अणूभोवती त्याचे सगळ्यात बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी मांडायचे आणि कोणते ठिपके दोघांत सामाईक आहेत ते दाखवायचं, बस्स. (बारावीनंतर रसायनशास्त्राला रामराम ठोकलेल्यांसाठी ही उजळणी. लाजू नका, मीही त्यातलाच.)

चुकलेल्या उत्तरांचं मला फार काही वाटलं नाही. डोकं फिरलं ते एका बरोबर ठरलेल्या उत्तरावर. कार्बन डायऑक्साइड. मधे कार्बन, दोन्ही बाजूंना ऑक्सिजन, दोन्हीकडे एकेकच रेघ म्हणजे एकेरी बंध, आणि मग प्रत्येकाभोवती आठ होईपर्यंत ठिपके भरलेले. त्यावर लाल शाईत भली मोठी टिक. दोनपैकी दोन.

मी ठिपके मोजले. प्रत्येक रेघेचे दोन धरून वीस झाले. आता हिशोब बघा. कार्बन स्वतःचे चार घेऊन येतो, ऑक्सिजन प्रत्येकी सहा. एकूण सोळा.

"हे वरचे चार कुठून आणलेस गं?"

"म्हणजे काय? ऑक्टेट पूर्ण झालं ना सगळ्यांचं! सरांनी सांगितलंय, ऑक्टेट कम्प्लीट म्हणजे बरोबर."

तिने चार इलेक्ट्रॉन हवेतून काढले, तपासणाऱ्याने ते हवेतले चार इलेक्ट्रॉन पास केले, आणि दोघांपैकी कोणालाच काही खटकलं नाही. ज्या चित्रात इलेक्ट्रॉन कुठे आहेत हे दाखवण्यापलीकडे दुसरं काही नाही, त्या चित्रात इलेक्ट्रॉनच मोजायचे नाहीत? मग ते चित्र कशाला काढायचं?

माझं भांडण इथूनच सुरू होतं. लुईस स्ट्रक्चर काढायला शिकवलं जातं. तपासायला शिकवलं जात नाही. आणि माझं म्हणणं असं की तपासणं हेच ते सगळं प्रकरण आहे. न तपासता काढलेलं लुईस स्ट्रक्चर म्हणजे नुसतं चित्र. खरं तर चित्रही नाही, कारण चित्रकलेच्या तासाला निदान सावली कुठे पडते ते तरी बघतात.

आणि गंमत म्हणजे त्याच वेळी दारात आमची ताई नेमकं उलट करत होती. तिची रांगोळी पंधरा ते आठ ठिपक्यांची. पहिल्यांदा ठिपके. मधली ओळ पंधरा, मग वर आणि खाली चौदा, तेरा, असं करत आठापर्यंत. एकही रेघ मारायच्या आधी ती बोटाने ओळी मोजते. एक ठिपका जास्त पडला की शेवटची पाकळी जुळत नाही हे तिला पस्तीस वर्षांचा अनुभव सांगतो. ती विज्ञान शाखेची नाही. पण आधी माल मोजायचा आणि मग नक्षी काढायची ही शिस्त तिच्याकडे आहे आणि महिन्याला काही हजार घेणाऱ्या क्लासकडे नाही. आता बोला!

तर मी वही ओढली. म्हटलं, चित्र नंतर. आधी आहेत किती ते लिही. सोळा. आता प्रत्येकाला आपले स्वतंत्र आठ द्यायचे ठरवले तर लागतील किती? तीन आठ चोवीस. आहेत सोळा, लागतात चोवीस. आठ कमी पडले. म्हणजे आठ इलेक्ट्रॉन दोघादोघांत वाटून घ्यावे लागणार, म्हणजे चार जोड्या, म्हणजे चार बंध. दोन बाजूंना दोन-दोन. दुहेरी बंध आपोआप आले की नाही? ती माझ्याकडे बघत राहिली. "हे पाठ नाही करायचं?" म्हटलं, नाही बाई, ही वजाबाकी आहे.

(हायड्रोजनला आठ नव्हे, दोनच लागतात एवढं लक्षात ठेवायचं. बाकी कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनच्या साध्या रेणूंना हे गणित बेलाशक चालतं. कुठे चालत नाही ते पुढे सांगतो.)

मग तिचंच जुनं चित्र घेतलं आणि फॉर्मल चार्ज काढायला लावला. अणू मुळात जेवढे इलेक्ट्रॉन घेऊन आला त्यातून त्याच्याजवळ एकट्याचे उरलेले ठिपके वजा करायचे आणि प्रत्येक बंधामागे एक वजा करायचा. कार्बनवर उणे दोन आला, दोन्ही ऑक्सिजनवर उणे एक, एकेक. बेरीज उणे चार. म्हणजे चाचणीत दोनपैकी दोन मिळालेली ती वस्तू कार्बन डायऑक्साइड नव्हतीच, चार ऋण प्रभार डोक्यावर घेतलेला कोणीतरी भलताच प्राणी होता. प्रश्नात तर प्रभार शून्य होता. ही बेरीज पाच सेकंदांची. कोणी केली असती तर चूक तिथेच उघडी पडली असती.

आमच्या धंद्यात याला टेस्ट म्हणतात. नुसतं ऑक्टेट बघणं म्हणजे अशी टेस्ट, की जी चुकीच्या कोडवरही हिरवी होते. ठिपके भरत राहिलात तर कोणाचंही अष्टक कधी ना कधी पूर्ण होणारच की! ती टेस्ट मोजणीशिवाय कवडीमोलाची. आणि नायट्रेटसारखा प्रभार असलेला आयन आला की तर मजाच. नायट्रोजनचे पाच, तीन ऑक्सिजनचे अठरा, झाले तेवीस. इथे विषम आकडा दिसल्याबरोबर कान टवकारले पाहिजेत, कारण ठिपके जोडीजोडीने बसतात. मग आठवतं की अरे, आयनवर उणे एक आहे, त्याचा एक मिळवायचा राहिला. चोवीस. भाचीच्या पेपरात तो एक विसरला होता, आणि त्याला मात्र शून्य मार्क होते. का चुकलं ते लिहिलेलं नव्हतं. फक्त फुली.

आता क्लासवाल्यांची बाजू ऐका, नाहीतर म्हणाल मामा एकतर्फी बोलतोय. ते म्हणतात, सीईटीला फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून शंभर प्रश्न, वेळ नव्वद मिनिटं. प्रश्नाला ५४ सेकंद. ठिपके काढत बसला तर पोरगा मेला. म्हणून ते शॉर्टकट देतात. मधल्या अणूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन घ्या, त्यात बाजूचे हायड्रोजन-क्लोरीनसारखे एकसंयुजी अणू मिळवा, धन प्रभार वजा करा, ऋण मिळवा, दोनने भागा. दोन आले तर एसपी, तीन आले तर एसपी-टू, चार आले तर एसपी-थ्री. एक ठिपका न काढता हायब्रिडायझेशन हातात. आपल्यापैकी निम्म्यांनी हेच केलंय, मीसुद्धा.

म्हटलं, ठीक. आता याच सूत्राने मला ॲसिटिलीन काढून दाखव. दोन कार्बन, दोन हायड्रोजन. तिने एक कार्बन मधे धरला. चार, अधिक बाजूचा एक हायड्रोजन, पाच. भागिले दोन. अडीच.

"मामा, अडीच म्हणजे दोन धरायचे की तीन?"

हसू नका. सूत्रावर विश्वास ठेवणारं कोणीही हेच विचारणार. ते सूत्र एक मध्यवर्ती अणू आणि भोवती साधी प्रजा असलेल्या रेणूंसाठी आहे. शेजारी दुसरा कार्बन तिहेरी बंधाने बसलाय हे त्याला कळतच नाही. हायड्रोजन सायनाइड घ्या, तिथेही अडीचच येतात. आणि सूत्र स्वतःहून ओरडत नाही की मी इथे लागू नाही. तेच ठिपके मोजले असते तर? ॲसिटिलीनचे आहेत दहा. लागतात वीस. दहा वाटून घ्यायचे, पाच बंध. दोन हायड्रोजनकडे गेले, राहिले तीन, ते दोन कार्बनांच्या मधे. मी घड्याळ लावून बघितलं, तिसऱ्या प्रयत्नात तिला चाळीस सेकंद लागले. ५४ मध्ये बसतात की!

आणि ॲसिटिलीन मी मुद्दाम घेतलं होतं. रत्नागिरीत राहून ॲसिटिलीन माहीत नाही असं म्हणायची सोय नाही. एप्रिल-मे आला की कार्बाइडवर पिकवलेल्या आंब्याच्या बातम्या येतातच. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि फळ वरून पिवळं होतं. व्यापारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी फळं पिकवायला त्यावर बंदी आहे. इथिलीन वायूला मात्र परवानगी आहे, दहा लाखांत शंभर भागांपर्यंत. अढीत गवतावर ठेवलेला हापूस पिकतो तो त्याने स्वतः सोडलेल्या इथिलीनमुळे. आता इथिलीनचे ठिपके मांडा. आहेत बारा, लागतात चोवीस, बंध सहा. चार हायड्रोजनकडे, दोन कार्बनांमधे. दुहेरी बंध. ॲसिटिलीनमधे तिहेरी. फळाच्या पेशीत इथिलीन पकडणारं जे प्रथिन असतं त्यात तांब्याचा आयन असतो, आणि त्याला या जादाच्या बंधातले इलेक्ट्रॉन हवे असतात. म्हणून इथिलीनची नक्कल ॲसिटिलीनला, कमी ताकदीने का होईना, करता येते. इथेनला नाही करता येत, कारण त्याच्या दोन कार्बनांमधे एकच जोडी. वहीतला एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर बाजारातला आंबा पिकणार की नाही हे बदलतं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ज्या गावात आंब्याशिवाय उन्हाळा होत नाही तिथे!

आता मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट. मी तिला विचारलं, दहावीला हे नव्हतं का? तिने दहावीचं पुस्तक काढलं. 'कार्बनी संयुगे' या धड्यात इलेक्ट्रॉन-ठिपका संरचना व्यवस्थित आहे. संयुजा, अष्टक, सहसंयुज बंध, एकेरी-दुहेरी-तिहेरी, सगळं. तिला ते समजलेलं होतं, मिथेन-इथिलीन तिने तेव्हा बरोबर काढले होते. पण अकरावीत इंग्रजी आलं. संयुजेची व्हॅलन्सी झाली, ठिपक्याचा डॉट झाला, आणि क्लासने 'तुम्हाला काहीच येत नाही' असं धरून पहिल्यापासून पाठांतर सुरू केलं. ही दोन एकच आहेत हे सांगायला पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटं न दिल्यामुळे एक चांगली मुलगी स्वतःला ढ समजायला लागली.

आणि ही गोष्ट रत्नागिरीतली आहे हे विसरू नका. कोकण विभागीय मंडळाचं मुख्यालय इथेच. दहावीला कोकणाचा निकाल २०२४ ला ९९.०१ टक्के आणि २०२५ ला ९८.८२ टक्के लागला. राज्याचा त्याच दोन वर्षी ९५.८१ आणि ९४.१०. दरवर्षी पेपरात 'कोकण अव्वल' हा मथळा ठरलेला. मला त्याचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. पण शंभरातली नव्व्याण्णव मुलं पास होऊन अकरावीत येतात आणि त्यातल्या माझ्या भाचीसारख्या हुशार मुलीला तीन महिन्यांत कॉमर्स आठवतं, तेव्हा त्या टक्क्यांच्या पुढे काय होतं हे कोणीतरी बघायला नको का? (कॉमर्सला नावं ठेवत नाहीये. आवडीने जा की. पळून जाऊ नका.)

आमच्या ऑफिसात जेवताना हे सांगितलं तर एक आयआयटीवाला म्हणाला, "अरे पण लुईसचं मॉडेलच जुनाट आहे, १९१६ चं. ऑक्सिजनचं चित्र काढ, सगळे ठिपके जोडीने बसतात. आणि प्रत्यक्षात द्रव ऑक्सिजन चुंबकाला चिकटतो, म्हणजे त्यात दोन इलेक्ट्रॉन एकेकटे आहेत. मग कशाला एवढा जीव टाकतोस?"

मुद्दा शंभर टक्के खरा आहे. ऑक्सिजनचं दुहेरी बंधाचं चित्र मोजणीत पास, अष्टकात पास, फॉर्मल चार्जमध्ये पास, आणि चुंबकापुढे नापास. नायट्रिक ऑक्साइडचे अकराच इलेक्ट्रॉन, तिथे कोणाला तरी सात मिळणारच. हा रेणू आपल्या रक्तवाहिन्यांत निरोप्याचं काम करतो हे शोधणाऱ्यांना १९९८ चं नोबेल मिळालं, तेव्हा तो नियमात बसत नाही म्हणून त्याला वर्गाबाहेर काढता येत नाही. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉन सहावरच सुखी. सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये गंधकाभोवती बारा. पण एक लक्षात घ्या, हे नियम मोडणारे आहेत हे आपल्याला कळतं कशामुळे? मोजल्यामुळेच. न मोजणाऱ्याला नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन सारखेच. तो एकावर एक ठिपका जास्त देऊन मोकळा होईल आणि टिकही मिळवेल.

आणि खुद्द गिल्बर्ट लुईस काही अष्टकाचा अंधभक्त नव्हता. त्याच्या दृष्टीने आठापेक्षा दोन मोठे, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी हे मूळ आणि आठचा नियम त्यानंतरचा. विषम इलेक्ट्रॉनांच्या रेणूंचा विचार त्याने स्वतः केला होता. अष्टकाचा गाजावाजा जास्त केला लँगम्यूरने, १९१९ पासून. (लँगम्यूरला पुढे १९३२ ला नोबेल मिळालं, अर्थात वेगळ्या कामासाठी. लुईसला शेवटपर्यंत नाही. असो, तो वेगळा लेख होईल.) म्हणजे 'ऑक्टेट कम्प्लीट म्हणजे बरोबर' हे वाक्य लुईसच्या नावाखाली खपवणं त्या बिचाऱ्यावर अन्यायच आहे.

दुसरा एकजण म्हणाला, सॉफ्टवेअर करतं की हे सगळं. करतं. आरडीकिट नावाची केमिस्ट्रीची लायब्ररी आहे, तिला चार बंधांचा आणि प्रभार न दिलेला नायट्रोजन देऊन बघा. ती सरळ एरर फेकते की या अणूची संयुजा परवानगीपेक्षा जास्त आहे. म्हणजे ज्याने ती लायब्ररी लिहिली त्याला मोजणी आधी करायची हे माहीत होतं. यंत्राला मोजायला लावायचं आणि पोराला पाठ करायला, ही विभागणी मला तरी उलटी वाटते.

तपासणी किती दूर नेते त्याचं माझं आवडतं उदाहरण नायट्रस ऑक्साइड, भुलीचा वायू. दोन नायट्रोजन, एक ऑक्सिजन, एकूण सोळा ठिपके. भाचीने सममिती आवडते म्हणून ऑक्सिजन मधे ठेवला आणि दोन्हीकडे दुहेरी बंध काढले. मोजणी बरोबर, तिघांची अष्टकं पूर्ण, प्रभाराची बेरीजही शून्य. ती खूश. म्हटलं, आता प्रत्येकाचा प्रभार वेगळा वाच. ऑक्सिजनवर अधिक दोन, नायट्रोजनांवर उणे एक, एकेक. "ऑक्सिजनवर अधिक दोन? तो तर सगळ्यात हावरट!" असं तीच म्हणाली. मग तिनेच नायट्रोजन मधे आणला. प्रभार अधिक एक आणि उणे एक एवढ्यावर उतरला. प्रत्यक्षातही या रेणूला छोटासा डायपोल मोमेंट आहे. ऑक्सिजन मधोमध असलेल्या सरळ, सममित रेणूला तो शून्य असता. म्हणजे वहीत रबराने खोडून तिने जे ठरवलं, ते प्रयोगशाळेतल्या यंत्राशी जुळलं. तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता. ताईने आरतीला हाक मारली तरी उठेना.

दुसऱ्या दिवशी ती सकाळी माझ्या आधी उठून बसली होती. कार्बन मोनॉक्साइडवर अडली होती. तिहेरी बंध आला, पण कार्बनवर उणे एक आणि ऑक्सिजनवर अधिक एक येतोय, हे उलटं कसं? म्हटलं, उलटं वाटलं ना, म्हणजे तू आता तपासायला लागलीस. मोजमाप असं सांगतं की त्या रेणूचं ऋण टोक खरोखरच कार्बनकडे आहे, फार थोडंसं, पण आहे. तिला ते काही फारसं पटलं नाही. न पटो. मलाही बारावीला पटलं नव्हतं.

विसर्जनानंतर रविवारी रात्री बसने परत निघालो. साखरप्याच्या पुढे घाट लागला आणि रेंज जायच्या आधी तिचा मेसेज आला. ओझोन. आहेत अठरा, लागतात चोवीस, बंध तीन. मधल्या ऑक्सिजनवर अधिक एक, टोकाच्या एकावर उणे एक, बेरीज शून्य. खाली प्रश्न: "मामा, दुहेरी बंध डावीकडे काढायचा की उजवीकडे? दोन्ही पास होतायत."

मी लिहिलं, दोन्ही काढून ठेव. पुढच्या खेपेला सांगतो.